दिवेलागणीचे रडणे आणि न केलेले वजन

जन्मली तेव्हा माझ्या मुलीचे वजन २ किलो ८०० ग्रॅम होते. प्रसूती सुखरूप झाली, पाचवी पुजली गेली, बाराव्या दिवशी बारसे झाले, आणि या कशाविषयीही मला फार सांगायचे नाही. सांगायचे आहे ते तिसऱ्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी साडेसहाला सुरू होणाऱ्या तिच्या रडण्याविषयी, आणि त्या रडण्यावर एका दवाखान्यात मला मिळालेल्या उत्तराविषयी. मुलगी आज सात महिन्यांची आहे, तरी त्या उत्तराचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

बाळंतपणाला मी सांगलीला माहेरी होते. दिवसभर मुलीचे काही म्हणणे नसे; ती दूध पिऊन झोपे, उठून पुन्हा पिई. आई देवापाशी दिवा लावायला उठली, की मात्र हिचा चेहरा लालबुंद होई, मुठी आवळल्या जात, गुडघे पोटाशी येत आणि रडणे रात्री साडेनऊपर्यंत चाले. अंगावर घेतले की चार घोट पिऊन तोंड काढून घेई, किंचाळे आणि पुन्हा तोंडाने शोधू लागे. आईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला. आत्याने सहाण काढून जायफळ उगाळायला घेतले, तेव्हा मात्र मी हात जोडून नको म्हटले, कारण सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असे प्रसूतिगृहातून निघताना परिचारिकेने बजावले होते. आत्या रागावली नाही, पण "अगं, तुझं दूधच पुरत नाहीये तिला" एवढे बोलून गेली आणि ते वाक्य माझ्या मनात घर करून बसले.

चोविसाव्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. संध्याकाळची वेळ मिळाली होती, म्हणजे नेमकी तिच्या रडण्याचीच. आमचा नंबर लागायला अडीच तास गेले. बाकावर सर्दी-खोकल्याची मुले बसली होती, म्हणून मी तिला घेऊन बाहेर जिन्यात उभी राहिले. तिथला दिवा लागत-विझत होता आणि टाक्यांची ओढ अजून पुरती गेली नव्हती. दूध पाजायला आडोसा मागितला, तर स्वागतकक्षातील बाईंनी "आता नंबर येईलच" असे सांगितले, आणि हे मी तीन वेळा ऐकले. आत गेलो तेव्हा मुलगी रडून रडून थकून झोपली होती. डॉक्टरांनी पोटाला हात लावला, आईकडे पाहून विचारले, "संध्याकाळीच रडते ना?" आणि लिहायला सुरुवात केली. गॅससाठी थेंब, आणि दूध पुरत नाही म्हणून पावडरचे दूध. बाळांचे वजन करण्याचा काटा खोलीच्या कोपऱ्यात होता, पण त्याच्या तबकात फायली रचून ठेवल्या होत्या. मी विचारले, "वजन बघू या का?" उत्तर आले, "लसीला आणाल तेव्हा बघू." दोन मिनिटांत आम्ही बाहेर होतो.

मला आजही समजत नाही, की वजन न करता दूध पुरत नाही हे ठरवले कसे. बाळाला दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरत नाही. ते वजनावरून आणि चोवीस तासांत ओल्या होणाऱ्या लंगोटांवरून ठरते. फायली उचलायला अर्धे मिनिट लागले असते. त्या अर्ध्या मिनिटाऐवजी मला चार रात्री मिळाल्या, ज्यांत मी पाणी उकळून, चमचा-वाटी उकळून, ३० मिली दूध कालवत होते आणि मनातून स्वतःला अपुरी आई ठरवत होते. आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम, ही सूचना पावडरच्या डब्यावर कायद्याने छापावीच लागते. रात्री दहाला ओट्यापाशी उभी राहून ती ओळ वाचताना मला रडू कोसळले. मुलगी पावडर पिऊनही तितकीच रडली. माझी छाती मात्र संध्याकाळी दुखू लागली, कारण तेवढे पिणे चुकत होते. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते आणि ओढणे कमी झाले की दूधही कमी होत जाते, हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते.

पाचव्या सकाळी मी आईला म्हटले, आपण फक्त वजन करून येऊ. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात दहा मिनिटांत नंबर लागला. सिस्टरांनी काटा शून्यावर आणला, मुलीचे झबले, टोपरे, लंगोट सगळे उतरवायला लावले आणि तबकात मऊ फडके घालून तिला ठेवले. ३ किलो २२० ग्रॅम. त्यांनी कार्डावरच्या तक्त्यात ठिपका काढला आणि विचारले, "ताई, दिवसाला लंगोट किती ओले होतात?" मी म्हटले, आठ-नऊ. "सहा झाले तरी चालतात. जन्मल्यावर वजन थोडं उतरतं, दहा-चौदा दिवसांत भरून येतं, मग दिवसाला वीस-तीस ग्रॅम वाढलं की झालं. तुमचं दूध कमी कुठंय?" पावडर चारच दिवस आणि दिवसाला ३० मिलीच दिली, हेही मी सांगितले. तेवढ्याने इतके वजन वाढत नाही, असे त्या म्हणाल्या. त्या दिवशी पावडर बंद झाली. सहा आठवड्यांच्या लसीला वजन ३ किलो ६५० भरले, तेही केवळ माझ्या दुधावर, आणि याचा मला अभिमान आहे.

रडणे मात्र थांबले नव्हते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी १९६२ साली प्रसिद्ध केल्या होत्या, हे मी पुढे वाचले. रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक, म्हणजे दिवसाला साधारण पावणेतीन तास, आणि नंतर ओसरत जाते, असे त्यांत दिसले. कॅलेंडरवर सहावा आठवडा मोजून मी खूण केली, आणि त्या खुणेने मला थेंबांपेक्षा अधिक बळ दिले.

आमच्याकडे उपयोग झाला तो असा. साडेपाचलाच मागच्या खोलीत अंधार करून, पंखा घरघरत ठेवून मी तिला घेऊन बसे आणि दोन्ही बाजूंना आलटून पालटून, मागेल तितक्या वेळा पाजे. संध्याकाळी छाती मऊ लागते म्हणून ती रिकामी आहे असे समजू नये. पाच ते आठ बाळ पाहायला येणाऱ्यांना आईने स्पष्ट नको म्हटले. हे जमवणे सर्वांत कठीण होते आणि सर्वांत उपयोगी ठरले. रडणे चढले की छातीशी धरून माजघरातून परसदारापर्यंत पाच मिनिटे न थांबता चालायचे, झोप लागली तरी लगेच खाली ठेवायचे नाही, आणखी पाच-आठ मिनिटे घेऊन बसायचे आणि मग पाठीवर निजवायचे. जपानमधील संशोधकांनी २०२२ साली हाच क्रम सुचवला होता, आणि आमच्या घरी तो अनेकदा लागू पडला. हातातला धीर संपला, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून पाच मिनिटे बाहेर जावे; मीही तुळशीपाशी जाऊन उभी राहत असे. बाळाला गदगदा हलवू कधीही नये, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, टाळू फुगलेली, बाळ मलूल किंवा दूधच न पिणारे, असे काही असेल तर हे नेहमीचे रडणे समजू नये. त्याच वेळी डॉक्टरांना गाठावे आणि वजन करून मागावे. एक गोष्ट राहिली. बाळ अचानक, नेहमीच्या वेळेबाहेर किंचाळू लागले, तर मोजे काढून पायाची बोटे एकेक करून पाहावीत. बाळंतिणीचे केस गळतात, आणि माझा एक लांब केस एका दुपारी तिच्या करंगळीला तिढा पडून बसला होता. बोट लाल झाले होते, आणि नखाने तो सोडवल्यावर ती मिनिटभरात शांत झाली.