मुजरा करणाऱ्याच्या गावाला

आम्ही महाडचे. त्यामुळे आल्यागेल्या पाहुण्याला रायगड दाखवणं हे आमच्या घरचं पिढीजात काम. नगारखान्याच्या दरवाजापाशी आलं की वडील ठरलेल्या जागी थांबत, धोतराच्या सोग्यानं मानेचा घाम पुसत आणि म्हणत, "इथं तो ऑक्झेंडन चक्रावला होता बरं का! एवढ्या अवघड वाटेनं हत्ती वर आणले कसे, हे त्या टोपीकराला शेवटपर्यंत कळलं नाही." पाहुणे माना डोलवत. मी तेव्हा आठ-दहा वर्षांचा. राज्याभिषेकाच्या चित्रात कमरेत वाकून मुजरा करणारा गोरा माणूस म्हणजे ऑक्झेंडन, एवढंच मला माहीत होतं. ऑक्झेंडन हे त्याचं आडनाव आहे हेही बरंच उशिरा कळलं. मला वाटायचं हा हुद्दा असावा, डबीर-सुरनीस असतो तसा.

यंदा एप्रिलमध्ये पुतणीकडे कँटरबरीला जायचा योग आला. ती तिथं शिकते. जायच्या आधी महिनाभर रात्री नकाशा उघडून बसायचो. म्हटलं, इतकी वर्षं आपल्या गडावर त्याचं नाव घेतोय, तर त्याचं गाव तरी बघून येऊ. आपल्याकडचा हिशोब सरळ असतो. चिपळूणकर म्हटलं की चिपळूण. तर ऑक्झेंडन म्हणजे ऑक्झेंडन गाव असणारच. नकाशानंही लगेच दाखवलं: ग्रेट ऑक्झेंडन, नॉर्दम्प्टनशर, मार्केट हार्बरोच्या खाली. मी खूश होऊन रेल्वेची तिकिटं काढायच्या बेतात होतो. सहज पुतणीला फोन केला तर ती म्हणाली, "काका, ते भलतंच ऑक्झेंडन आहे. आपला माणूस केंटचा, कँटरबरी ज्यात येतं त्या जिल्ह्याचा. तुम्ही निघालात महाडला आणि उतरणार म्हाडा कॉलनीत."

ती बरोबर होती. नॉर्दम्प्टनशरच्या नावात शेवटी 'डन' आहे, त्याचा अर्थ टेकडी. बैलांची टेकडी. केंटचं 'डेन' वेगळं. तिकडे जुन्या काळी गावकरी आपली जनावरं चरायला दूरच्या जंगलातल्या मोकळ्या जागी नेत. त्या जागेला डेन म्हणत. टेंटरडेन, बिडेंडेन, बेनेंडेन, स्मार्डेन, केंटच्या नकाशात अशी डेनं जागोजाग सांडलेली आहेत. म्हणजे डेन हे आपलं गायरानच, आणि ऑक्झेंडन म्हणजे बैलांचं रान. गंमत अशी की रानाचं नाव माणसाला चिकटलं आणि रान मात्र हरवलं. केंटच्या नकाशावर आज ऑक्झेंडन नावाचं गाव नाही. ऑर्पिंग्टनच्या बाजूला एक ऑक्झेंडन वुड रोड तेवढा आहे. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगाव, म्हणून स्मिथ ढिगानं. पण एका रानावरून एकाच घराण्याला पडलेलं आडनाव त्या घराण्याच्या मुलांवर जगतं. मुलगे झाले नाहीत, झाले तर लग्नं केली नाहीत, की नाव आटायला लागलं.

लंडनमध्ये उतरल्यावर पहिल्या दिवशी पिकॅडिलीजवळच्या ऑक्झेंडन स्ट्रीटवर जाऊन आलो. अगदी आखूड गल्ली, कॉव्हेंट्री स्ट्रीटवरून आत शिरलं की संपतेच. पाटीवर स्पेलिंग वेगळं, शेवटच्या 'ई'च्या जागी 'ओ'. पण माणसं तीच. रॉबर्ट बेकर नावाचा शिंपी होता. पिकाडिल म्हणजे त्या काळच्या कडक कॉलरी विकून तो गबर झाला, या भागात त्यानं घर बांधलं आणि लोकांनी चेष्टेनं त्या घराला पिकॅडिली हॉल म्हणायला सुरुवात केली. त्याची मुलगी मेरी ही आपल्या हेन्रीच्या, म्हणजे रायगडावर आलेल्या ऑक्झेंडनच्या, वडिलांची पहिली बायको. सासऱ्याच्या कॉलरींवरून सगळा पिकॅडिली ओळखला जातो आणि जावयाच्या वाट्याला गल्ली.

आता नावांचा एक घोळ सांगायलाच हवा, कारण मीच त्यात तीन रात्री अडकलो होतो. या घरात हेन्री, जॉर्ज आणि जेम्स सोडून दुसरी नावं ठेवायची बंदी असावी. रायगडावर आलेला हेन्री. त्याचे वडील हेन्री, त्यांना १६७८ मध्ये बॅरोनेट ही वंशपरंपरेची पदवी मिळाली. शिवाय बारहॅमला राहणारा, कविता करणारा, पत्रांचे ढीग मागे ठेवून गेलेला आणखी एक हेन्री. तो आपलं नाव ऑक्झेंडन न लिहिता ऑक्झिंडन लिहायचा. एकाच घरात दोन स्पेलिंगं, आणि कुणालाच त्याचं सोयरसुतक नाही. सतराव्या शतकात आडनावाचं स्पेलिंग म्हणजे आपल्याकडे 'कुलकर्णी'तला रफार कुठं द्यायचा तसलं काम, ज्याला जसं सुचेल तसं.

आपल्या हेन्रीचा काका सर जॉर्ज. हा सुरतेच्या इंग्रज वखारीचा मुख्य. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वखारीची दारं लावून, तोफा मांडून आत बसला तो हाच. बाकी शहर लुटलं गेलं, वखार वाचली. त्याबद्दल ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला सोन्याचं पदक दिलं. पुढे १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात आलं तेव्हा त्याचा कारभारही त्याच्याकडे आला, पण वर्षभरातच, जुलै १६६९ मध्ये, तो सुरतेतच वारला. सुरतेला इंग्रजांच्या कबरस्तानात त्याची कबर मी पूर्वी पाहिली आहे. कबर कसली, दोन मजली घुमटाची इमारतच ती, सुमारे ४० फूट उंच. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर आधी, १६५९ मध्ये गेला होता, तोही तिथंच. ख्रिस्तोफरवरचा लॅटिन मजकूर व्यापाऱ्याच्या खातेवहीसारखा आहे. तुम्ही नोकर गमावला, आम्ही सोबती, त्यानं जीव. पण जमेच्या पानावर त्याला लिहिता येईल की मरण हाच आपला नफा. मला हा मजकूर फार आवडतो. मेल्यावरही ताळेबंद जुळवणारी माणसं!

म्हणजे काका लुटीच्या वेळी दार लावून बसलेला आणि दहा वर्षांनी पुतण्या त्याच महाराजांपुढे हिऱ्याची अंगठी घेऊन उभा. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. हेन्री मुंबईहून मे महिन्यातच निघाला. चौलला उतरून रोह्याजवळचं अष्टमी, निजामपूर असं करत तो आमच्या मुलखात आला. निजामपूर माझं आजोळ. मामा अजूनही सांगतो की इंग्रजांनी आमच्याच विहिरीचं पाणी पिलं. पुरावा विचारला की चिडतो. पाचाडला पोचल्यावर हेन्रीला थांबावं लागलं, कारण महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेले होते. मग वर मुक्काम. राज्याभिषेकाच्या दिवशी दुभाष्या नारायण शेणवी यानं गर्दीतून ती अंगठी उंच धरली, तेव्हा महाराजांची नजर गेली आणि यांना सिंहासनाजवळ बोलावणं आलं. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना भाल्यांच्या सोनेरी टोकांवर लटकवलेल्या खुणा त्यानं टिपून ठेवल्या: मोठ्या दातांची सोन्याची माशांची डोकी, घोड्यांची शेपटं, आणि एका भाल्याच्या टोकाला समपातळीत झुलणारा सोन्याचा तराजू. मग दारातले हत्ती आणि घोडे. वडील सांगायचे ते हेच.

पण वडील जे सांगत नसत ते मला जास्त आवडतं. जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर होता, त्यानं ही हकीकत लिहून ठेवलीय. गडावर जेवण म्हणजे तूप घातलेली खिचडी. इंग्रजांना ती चार दिवसांत नकोशी झाली. त्यांनी मटण मागितलं. गडावर मांस परवडणारे मोजके मुसलमान होते, त्यांना पुरवणारा एक म्हातारा खाटीक होता, त्याला हुकूम गेला. रोज अर्धा बोकड! इतक्या वर्षांत विकलं नसेल इतकं मटण महिनाभरात खपलं. शेवटी तो म्हातारा, वय झालेलं असूनही, आपली ही दाणगट गिऱ्हाइकं आहेत तरी कशी हे डोळ्यांनी बघायला गड चढून वर आला.

कँटरबरीहून सँडविचकडे जाणारी बस विंगहॅमवरून जाते. सँडविच हे गावाचं नाव आहे हे मला माहीत होतं, तरी बसच्या कपाळावर ते वाचून हसू आलंच. साधारण १० किलोमीटर. सफरचंदाच्या बागा फुलायला लागल्या होत्या, आणि मधेमधे हॉप्स, म्हणजे बिअरमध्ये घालतात ती फुलं, वाळवायच्या जुन्या भट्ट्यांची पांढरी टोपणं. पुतणी खिडकीशी झोपली होती. विंगहॅम म्हणजे एक वळणदार रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्यांची वाकडीतिकडी घरं, आणि चर्चचा हिरवा पडलेला तांब्याचा मनोरा. या विंगहॅमजवळ डीन नावाची ऑक्झेंडनांची वाडी होती. जॉर्ज, ख्रिस्तोफर, हेन्री, सगळे त्या घरचे.

चर्चमध्ये शिरल्यावर आधी खांब दिसतात. दगडाच्या चर्चमध्ये चक्क लाकडी खांब, चेस्टनटचे, आठ कोनांचे. हात लावला तर आमच्या जुन्या वाड्याच्या ओटीवरच्या खांबासारखा गार आणि गुळगुळीत लागला. याचं कारण मजेशीर आहे. सोळाव्या शतकात चर्च कोसळायला आलं. कँटरबरीच्या जॉर्ज फोगार्ड नावाच्या बिअर बनवणाऱ्यानं दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा करायची परवानगी मिळवली. २२४ पौंड जमले. ते त्यानं स्वतःच्या खिशात घातले. दगडाला पैसे उरले नाहीत म्हणून लाकूड लागलं. पुतणी म्हणाली, "मंडळाची वर्गणी." मी म्हटलं, "गप, चर्च आहे." पण हसलो दोघंही.

ऑक्झेंडनांचं चॅपल, म्हणजे घराण्याचं छोटं प्रार्थनाघर, बाजूला आहे. मधोमध १६८२ चं संगमरवरी स्मारक, काळं-पांढरं. माणसाचा पुतळा नाही. एक उंच निमुळता सुळका, त्यावर फळाफुलांच्या भरगच्च माळा, खाली कोपऱ्यांना गुटगुटीत मुलं. आणि बैलांची डोकी. मी त्यांच्यासमोर बराच वेळ उभा होतो. ऑक्झेंडनांच्या चिन्हात उलट्या 'व्ही'सारख्या लाल पट्ट्याभोवती तीन काळे बैल आहेत हे वाचलं होतं, पण दगडातला बैल समोर आला की गोष्ट बदलते. नाकपुड्या, कपाळावरची वळणं, शिंगांची बुडं. कोरणाऱ्यानं बैल जवळून बघितलेला होता. पोळ्याला आमच्याकडे बैलाच्या कपाळाला हळद-कुंकू लावतात. इथं माझा हात आपोआप पुढे गेला, मग आठवलं की हात लावू नये, आणि मागे घेतला. लंडनमध्ये हिंडलेले, सुरतेत घुमट बांधून घेतलेले, संसदेत बसलेले, पदव्या मिळवलेले लोक. पण मेल्यावर डोक्याशी ठेवला तो चरायला सोडलेला बैलच.

रायगडावरचा हेन्री पुढे मुंबईचा उपगव्हर्नर झाला, घरी परतला, भावामागून बॅरोनेट झाला आणि १७०९ मध्ये वारला. घराण्याची भरभराट नंतरही होती. डिक्सवेल घराण्याचं ब्रूम पार्क त्यांच्याकडे आलं, मग नावाला डिक्सवेल जोडलं गेलं. त्या वाड्यात जन्मलेला अ‍ॅश्टन ऑक्झेंडन माँट्रिऑलचा बिशप झाला. हर्न बे या समुद्रकाठच्या गावातली जमीन त्यांची, म्हणून तिथं ऑक्झेंडन स्ट्रीट आणि ऑक्झेंडन स्क्वेअर. आम्ही तिथं जाऊन चिप्स खाऊन आलो, सीगलनं अर्ध्या पळवल्या. ब्रूम पार्क १९११ मध्ये इंग्रज सेनापती लॉर्ड किचनरनं विकत घेतलं. आज तिथं गोल्फ चालतो. आणि १९२४ मध्ये शेवटचा बॅरोनेट गेला आणि पदवीला वारस उरला नाही. विंगहॅम, बारहॅम, हर्न बे, सगळं २०-२५ किलोमीटरच्या आत. एवढाच या आडनावाचा मुलूख, आणि त्याबाहेर एक लंडनची गल्ली, एक सुरतेची कबर आणि रायगडचा नगारखाना.

निघताना चर्चमध्ये फुलं मांडणाऱ्या आजीबाईंनी विचारलं, कुठून आलात? पुतणीनं सांगितलं, काकांच्या गावाशेजारी एक किल्ला आहे, तिथं या घरातला एकजण साडेतीनशे वर्षांपूर्वी राजाला अंगठी द्यायला आला होता. आमच्याकडे चौथीतल्या पोरालाही हा माणूस माहीत असतो. आजीबाई फुलांचा गुच्छ हातात तसाच धरून थांबल्या. इथं शाळेत कुणाला हे नाव विचाराल तर सांगता येणार नाही, म्हणाल्या. मग चॅपलकडे एकदा बघून हळूच विचारलं, "कसा होता हो तो माणूस?"

पुतणी माझ्याकडे बघायला लागली. मी जरा विचार केला.

"सांग त्यांना," म्हटलं, "मटण फार खायचा."