त्या रात्री गोंधळ कोणी घातला?

जिल्हा व तालुका न्यायालयांचे बरेचसे कामकाज मराठीत चालते, आणि तेच प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले की त्यातल्या मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. नाशिकला सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या परिसरात, जिल्हा न्यायालयापासून हाकेच्या अंतरावर बसून मी हे काम करते. फिर्यादी, जबाब, पंचनामे, फेरफार, खरेदीखते असे कागद दिवसभर हाताखालून जातात. ‘समक्ष पोलीस ठाणेस हजर राहून विचारलेवरून जबाब लिहून देतो की’ या छापाची वाक्ये इतकी अंगवळणी पडली आहेत की, खरे सांगायचे तर, त्यांचा अर्थ लावावा लागत नाही, ती आपोआप इंग्रजीत उतरतात. अशा कामात एखादा शब्द वाट अडवून उभा राहावा, असे क्वचितच घडते.

एका वकीलबाईंनी आणलेल्या फाइलीत ते घडले. गुन्हा रद्द करून मिळावा, अशी याचिका उच्च न्यायालयात दाखल करायची होती. भाषांतर दुसरीकडून आधीच करून घेतलेले होते आणि माझ्याकडे ते फक्त तपासायला आले होते. प्रकरण तसे साधे होते. सिडकोतल्या एका घरी मुलाच्या लग्नानंतर कुळाचाराप्रमाणे देवीचा गोंधळ ठेवलेला होता. रात्री दहा वाजून गेल्यावर शेजारचे कुटुंब आवाजाची तक्रार घेऊन मांडवात आले, शब्दाने शब्द वाढला, ढकलाढकली झाली, खुर्च्या फेकल्या गेल्या आणि शेवटी सगळे पोलीस ठाण्यात पोचले. आरोपींच्या यादीत घरमालक आणि त्यांचे दोन मेहुणे होतेच, पण ज्याचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता, तो गोंधळीही त्यात होता.

या गोंधळ्याच्या जबाबात दोन वाक्ये एकापाठोपाठ एक आली होती. ‘घरमालक यांचे सांगणेवरून मी व माझे साथीदार यांनी रात्री नऊ वाजेपासून गोंधळ घातला. त्यानंतर शेजारील लोकांनी तेथे येऊन गोंधळ घातला.’ लिहून घेणाऱ्या हवालदाराला यात काही वावगे दिसले नसणार, आणि मराठी वाचणाऱ्या कोणालाही दिसणार नाही. पहिला गोंधळ संबळावरचा आणि दुसरा भांडणाचा, हे आपण न थांबता समजून पुढे जातो. भाषांतर करणाऱ्याने मात्र दोन्हीकडे एकच इंग्रजी शब्द वापरला होता, आणि तोही आरडाओरडा करून शांतता भंग करणे या अर्थाचा. परिणामी इंग्रजीत गोंधळी स्वतःच सांगत होता की, घरमालकाच्या चिथावणीवरून आम्ही नऊ वाजल्यापासून दंगा करत होतो, आणि मग शेजाऱ्यांनी येऊन आमच्या दंग्यात भर घातली. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे खरे. तरीही याचिकेसोबत जोडलेले पान न्यायमूर्तींच्या नजरेखालून जाते, आणि ‘मी दंगा केला’ असे म्हणणाऱ्या माणसाविरुद्धचा गुन्हा रद्द करा म्हणून सांगणे कोणत्याही वकिलाला जड जाईल.

पंचनामा त्याहून वाईट निघाला. मूळ मराठीत घटनास्थळाचे वर्णन करताना ‘एक लाकडी पाट, त्यावर लाल कापड, विस्कटलेले तांदूळ, तांब्याचा कलश, नारळ, पाच उसाची कांडी’ अशी नोंद होती. आणि शेवटी ‘एक टोकास तेलात भिजविलेले कापड गुंडाळलेली धातूची दांडी’ जप्त केल्याचे लिहिले होते. ही दिवटी. गोंधळात देवीपुढे जळणारी, गोंधळ्याच्या हातातली दिवटी. पंचनामा लिहिणाऱ्याने तिला नावाने न ओळखता वस्तू म्हणून वर्णिले, आणि इंग्रजीत तीच दांडी जाळपोळीच्या तयारीने आणलेल्या हत्यारासारखी दिसू लागली. वास्तविक पाट, चौकाचे तांदूळ, कलश आणि ऊस ही मांडणीच सांगत होती की, तेथे काय चालले होते. पंचनाम्याने बचावाचा सगळा पुरावा नकळत गोळा करून ठेवला होता.

त्याच दिवशी प्रतिज्ञापत्रावर सही करण्यासाठी गोंधळी स्वतः आला. साध्या शर्टपॅंटमधला, चाळिशीतला माणूस. झगा आणि कवड्यांची माळ हा पोशाख कामाच्या वेळेचा. वकीलबाई फोनवर असल्याने मीच त्यांना जबाब वाचून दाखवला. दुसऱ्या वाक्यावर ते हसले आणि म्हणाले, “ताई, आम्ही घातला तो देवीचा. त्यांनी घातला तो त्यांचा.” मग कोणी न विचारताच समजावून सांगू लागले. आधी चौक भरून गोंधळ मांडायचा, मग गण म्हणायचा, मग एकेका दैवताला बोलवायचे. तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला, जेजुरीच्या खंडोबाला, आणि आपल्या भागातला गोंधळ म्हणून वणीच्या सप्तशृंगीला ‘गोंधळा यावे’ म्हणून हाक घालायची. त्यानंतर आख्यान आणि शेवटी आरती. टेबलाच्या कडेवर त्यांनी दोन बोटांनी संबळाचा ठेका धरून दाखवला. एका हाताचा आवाज बारीक आणि दुसऱ्याचा भरदार, कारण संबळाची दोन भांडी सारखी नसतात. परशुरामाने बेटासुराला मारून त्याच्या शिराचे वाद्य केले, रेणुकामातेपुढे ते वाजवले आणि तोच पहिला गोंधळ, ही कथाही त्यांनी सांगितली. त्यांच्या दृष्टीने शब्दाच्या उगमाचा प्रश्न तेथेच संपला होता.

माझा मात्र संपला नव्हता, कारण तळटीप लिहायची तर कशाच्या आधारावर, हे मला ठरवायचे होते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात गोंडली नावाच्या नृत्यप्रकाराचे वर्णन आहे, आणि अभ्यासकांनी गोंधळाचा संबंध त्याच्याशी जोडलेला आहे. उत्तर कर्नाटकात हेच विधी करणारे गोंदलिगर आहेत, आणि कन्नडमध्ये ‘गोंदल’ या शब्दाला मराठीसारखाच घोटाळ्याचाही अर्थ आहे. म्हणजे विधी आणि गलबला यांची ही जोडी सीमेच्या दोन्ही बाजूंना आढळते. एकनाथांनी भारुडांत गोंधळाचे रूपक केले, तेव्हा त्यांच्यापुढे देवीचा विधीच होता. मोल्सवर्थच्या १८५७ च्या शब्दकोशात मात्र देवीच्या उत्सवासोबत धांदल, अव्यवस्था हा अर्थही नोंदलेला आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाखाली नांदत होते, एवढे मला तळटिपेसाठी पुरेसे होते.

पुढे हा शब्द आणखी सरकला, आणि मला त्याचे हे सरकणे अधिक लक्षणीय वाटते. विधीतून आवाज आला, आवाजातून अव्यवस्था आली, आणि अव्यवस्था डोक्यात शिरल्यावर आवाजाचीही गरज उरली नाही. ‘पत्ता शोधताना माझा गोंधळ झाला’ असे म्हणणारा माणूस मुकाट्याने रस्त्यात उभा असतो. ‘मतदार याद्यांतील गोंधळ’ ही बातमी कागदावरच्या चुकांची असते, आणि कार्यालयीन सावळ्या गोंधळात तर सगळे पंख्याखाली शांत बसलेले असतात. आवाजाचा अर्थ आता विधिमंडळाच्या बातम्यांनी बराचसा गदारोळाकडे सोपवला आहे. तमाशा आणि शिमगा या शब्दांचीही वाट अशीच झाली. एक लोकनाट्याचे नाव, दुसरे सणाचे, आणि दोन्ही आज ‘करू नकोस’ या आज्ञेत अधिक ऐकू येतात. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याने दिलेला अर्थ शब्दाला चिकटला, असे माझे मत आहे. रात्रभर संबळ ऐकणारा शेजारी आख्यान ऐकत नाही, त्याला फक्त आवाज पोचतो.

क्रियापदे मात्र अजून जुना हिशेब सांभाळून आहेत. गोंधळ ‘मांडला’ म्हटले की तो देवीचाच असतो, ‘उडाला’ म्हटले की तो कधीच देवीचा नसतो, आणि ‘ठेवला’ म्हटले की आमंत्रण आले असे समजावे. ‘घातला’ हे एकच क्रियापद दोन्ही घरी जेवते, आणि हवालदाराने नेमके तेच वापरले होते.

जबाबाची दोन वाक्ये मी वेगळी केली. पहिल्यात ‘गोंधळ’ हा शब्द तसाच ठेवून खाली विधीची माहिती दिली आणि दुसऱ्यात गलबल्याचा इंग्रजी शब्द राहू दिला. पंचनाम्यातल्या दांडीचे वर्णन बदलण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही, म्हणून ते जसेच्या तसे ठेवले. ती दिवटी होती, हे गोंधळ्याच्या प्रतिज्ञापत्रात त्याच्याच शब्दांत आले. अडले ते मूळ फिर्यादीतल्या एका वाक्यावर. ‘वारंवार मना करूनही आरोपींनी गोंधळ बंद केला नाही’, असे फिर्यादी शेजाऱ्यांनी म्हटले होते. त्यांना कार्यक्रम म्हणायचा होता की कटकट? ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा हा रात्रीचा काळ धरला जातो आणि निवासी भागात त्या वेळी आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल असते. तेव्हा कार्यक्रम असा अर्थ घेतला तरी त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. वकीलबाईंना अर्थातच कार्यक्रम हा अर्थ हवा होता, कारण मग वाद दंग्याचा न राहता धार्मिक विधीच्या वेळेचा झाला असता. मी तेथे नकार दिला. शब्द मराठीतच ठेवला आणि मूळ वाक्याचे दोन्ही अर्थ होऊ शकतात, असे तळटिपेत लिहिले. त्यावर आमची थोडी वादावादी झाली, पण तळटीप राहिली.

याचिका सुनावणीला येण्याआधीच दोन्ही घरांत समेट झाला, आणि समेटाच्या अटींचा मराठी मसुदा पुन्हा माझ्याकडे आला. त्यात ‘यापुढे रहिवासी परिसरात गोंधळ घालणार नाही’ अशी अट होती. घरमालकांनी त्यावर सही करायचे साफ नाकारले. धाकट्या मुलाचे लग्न व्हायचे होते आणि कुळाचार चुकवणे त्यांना मान्य नव्हते. फिर्यादी म्हणाले की, देवीला आमची हरकत नाही, हरकत आहे ती ध्वनिक्षेपकाला आणि वेळेला. शेवटी एका अटीची दोन कलमे झाली. पहिल्यात ‘देवीचा गोंधळ’ ध्वनिक्षेपकाशिवाय आणि रात्री दहाच्या आत आटोपण्याचे ठरले, आणि दुसऱ्यात ‘गोंधळ’ खोडून ‘भांडणतंटा’ असे लिहिले गेले. दहाच्या आत आख्यान कसे बसवायचे, अशी कुरकुर गोंधळ्यांनी केली. तेव्हा घरमालकांनी मांडणी संध्याकाळी सहालाच करायचे कबूल केले, आणि खाडाखोडीपुढे दोन्ही बाजूंनी आद्याक्षरे केली.