सिट्जेस: भयपटांच्या गावी समीक्षक म्हणून

बार्सिलोनाच्या दक्षिणेस भूमध्य समुद्राकाठी वसलेल्या सिट्जेस या लहानशा गावात १९६८ मध्ये अद्भुतपट आणि भयपटांचा एक महोत्सव सुरू झाला. आता तो दर ऑक्टोबरात भरतो आणि या प्रकारच्या चित्रपटांसाठी जगातील सर्वांत मानाच्या ठिकाणांपैकी एक समजला जातो. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये येथे दाखवला गेला, तेव्हापासून हे गाव माझ्या मनात होते. मराठीत भयपटांवर नेमाने लिहिणारे थोडेच असल्यामुळे तेथे समीक्षक म्हणून जाण्याची वाट कोणाला विचारावी, हेही कळत नव्हते. पुढे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत.

पत्रकार म्हणून प्रवेशपत्र मिळवण्यासाठी प्रसिद्ध झालेले लेखन सादर करावे लागते. मी मराठी लेखांच्या प्रतींना प्रत्येकी चार ओळींचा इंग्रजी सारांश जोडला होता. माझी चूक झाली ती व्हिसाच्या बाबतीत. स्पेनसह युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण प्रवेशपत्र मंजूर झाल्याचे पत्र येईपर्यंत मी थांबलो आणि पासपोर्ट अखेर निघण्याच्या चार दिवस आधी हातात पडला. पैसे परत मिळू शकतील असे हॉटेलचे आरक्षण आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा घेऊन आधीच अर्ज करणे शहाणपणाचे. महोत्सवाचे पत्र हाती नसले तरी पर्यटक म्हणून जाता येते.

विमानतळावरून बार्सिलोना शहरात जाऊन परत फिरण्याची गरज नाही. विमानतळाच्या लोकलने एल प्रात स्थानकावर उतरून तेथेच दक्षिणेकडे जाणारी ‘आर-२ सुद’ गाडी पकडावी. मुक्काम मात्र शक्यतो सिट्जेसमध्येच करावा. स्वस्त पडते म्हणून मी पहिल्या तीन रात्री बार्सिलोनात राहिलो. गाडीने अंतर जेमतेम ४० मिनिटांचे आहे, परंतु या महोत्सवातले सर्वांत मोकाट चित्रपट मध्यरात्रीच सुरू होतात आणि तेव्हा लोकल थांबलेल्या असतात. चौथ्या दिवशी मी गावातल्या एका घराच्या माळ्यावरची खोली घेतली.

गावात चित्रपटगृहे दोन टोकांना विभागलेली आहेत, आणि वेळापत्रक आखताना ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यायला हवी. मेलिया हॉटेलमधील ऑडिटोरी हे हजारावर आसनांचे मुख्य सभागृह आहे. ते समुद्रात घुसलेल्या खडकावरच्या चर्चच्या पलीकडे, बंदराच्या बाजूला, थोड्या चढावर येते. प्रादो आणि रेतिरो ही एकोणिसाव्या शतकातील करमणूक मंडळांची जुनी नाट्यगृहे गावाच्या पोटात आहेत. या दोन्ही टोकांमधले अंतर पायी १५ ते २० मिनिटांचे असल्याने दोन खेळांमध्ये पाऊण तास तरी मोकळा ठेवावा. पहिल्या दिवशी मी २५ मिनिटे ठेवली होती. धापा टाकत पोहोचलो तेव्हा दार बंद झाले होते, आणि त्यात दोष माझाच होता. कातालान (या भागाची स्थानिक भाषा), स्पॅनिश की इंग्रजी, उपशीर्षके कोणत्या भाषेत आहेत हेही वेळापत्रकात पाहूनच तिकीट घ्यावे.

महोत्सवाचे बोधचिन्ह किंग काँग आहे. खेळापूर्वीच्या झलकफितीत तो पडद्यावर दिसताच सभागृह टाळ्यांनी दणाणते. त्यानंतर प्रत्येक कापलेल्या मुंडक्याला, प्रत्येक चलाख सुटकेला पुन्हा टाळ्या पडतात. आमच्याकडे एकपडदा चित्रपटगृहात नायकाच्या प्रवेशाला शिट्ट्या वाजत, त्याच जातीचा हा आनंद, फक्त येथे तो मारेकऱ्याच्या वाट्याला येतो. समीक्षकाला या वातावरणाचा मोह पडतो आणि त्याची फसगतही होते. रात्रीच्या खेळाला मी ज्या चित्रपटावर खूश होऊन तिथल्या तिथे अर्धा लेख लिहिला, तोच दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्धवट भरलेल्या सभागृहात, पेंगुळलेल्या पत्रकारांसोबत पुन्हा पाहिला. मधली ३० मिनिटे निव्वळ पोकळ निघाली आणि मी लेख फाडून नव्याने लिहिला. उलट, एक संथ कोरियन भूतकथा सकाळच्या शांततेतच मनात उतरली. रात्रीच्या गर्दीने तिला बहुधा जगू दिले नसते. त्यानंतर टिपणवहीत प्रत्येक चित्रपटासोबत सभागृह, वेळ आणि प्रेक्षक कुठे हसले, कुठे गप्प झाले, हेही मी लिहू लागलो. तपशिलाने लिहायचे असेल तर दिवसाला तीन चित्रपट पुरेत. मी एकदा पाच पाहिले, तर दोन निरनिराळ्या चित्रपटांतली तळघरे टिपणांत एकच होऊन बसली.

लेख पाठवण्याच्या वेळेचे गणित आपल्याला अनुकूल आहे. ऑक्टोबरात स्पेन भारताच्या साडेतीन तास मागे असते. रात्री एकला चित्रपट संपला की मुंबईत साडेचार वाजलेले असतात. तासाभरात लिहून पाठवल्यास संपादकांना तो सकाळच्या चहाबरोबर मिळतो. मात्र परीक्षण कधीपासून प्रसिद्ध करता येईल, याची अट आधी वाचावी.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण विचारून खावे लागते. टोमॅटो चोळलेला पाव आणि भाजलेल्या वांग्या-ढोबळ्या मिरच्यांची एस्कालिवादा यांवर माझे दिवस निघाले. ‘शातो’ हे या भागाचे सॅलड पानापानांचे दिसते, परंतु त्यात खारवलेले मासे असतात. रात्रीचे जेवण नऊच्या आधी मिळणे कठीण असल्याने संध्याकाळच्या खेळाला जाताना पिशवीत काहीतरी असावे. माझ्याकडे घरून नेलेला चिवडा होता आणि शेजारच्या खुर्चीतल्या पोर्तुगीज समीक्षकाने त्यातला निम्मा संपवला. १२ ऑक्टोबर ही स्पेनची राष्ट्रीय सुट्टी बहुधा महोत्सवाच्या दिवसांतच येते. त्या दिवशी बार्सिलोनाची गर्दी गावात लोटते, तेव्हा तिकिटे आणि पाण्याच्या बाटल्या आदल्या दिवशीच घेऊन ठेवाव्यात.