बरोबर आलेलं चुकीचं उत्तर

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी हॅलाइड पेरोव्हस्काइट घेतलं, म्हणजे सौरघटांसाठी अभ्यासला जाणारा एक स्फटिकी पदार्थ. २००९ साली या पदार्थाच्या पहिल्या सौरघटाची कार्यक्षमता होती ३.८ टक्के, आज ती २५ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. मला संगणकावर त्यातल्या मिथाइल-अमोनियम लेड (म्हणजे शिसं) आयोडाइडचा बँड गॅप काढायचा होता, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा.

पहिल्याच आठवड्यात साध्या डीएफटीने (पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं गणित मांडायच्या नेहमीच्या पद्धतीने) उत्तर दिलं: १.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. प्रयोगातला आकडाही जवळपास तेवढाच! डोंबिवली फास्टमध्ये दाराशी उभ्या उभ्याच मी माझ्या गाईड मॅडमना मेसेज टाकला. घाटकोपर यायच्या आत उत्तर आलं, "अगं, शिशासाठी स्पिन-ऑर्बिट घेतलंस का?"

नव्हतं घेतलं. स्पिन-ऑर्बिट म्हणजे इलेक्ट्रॉनची फिरकी आणि त्याची अणूतली गती यांची सापेक्षतेतून येणारी सांगड. शिशाचा अणुक्रमांक ८२. एवढ्या जड अणूत सापेक्षतेचा परिणाम सोडून चालत नाही, आणि या पदार्थाच्या कंडक्शन बँडचा, म्हणजे गॅपच्या वरच्या ऊर्जापट्ट्याचा, तळ मुख्यतः शिशाच्या ६पी ऑर्बिटलचाच (इलेक्ट्रॉनच्या कक्षेचाच) असतो. स्पिन-ऑर्बिट घातल्यावर तो तळ जवळजवळ १ इलेक्ट्रॉन व्होल्टने खाली आला आणि गॅप उरला ०.६. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "शिशाच्या जागी कथील घालून बघ, स्पिन-ऑर्बिट न घेता." कथील हलकं, त्यात हा परिणाम बराच कमी. प्रयोगात १.२-१.३ असलेला गॅप माझ्याकडे जेमतेम निम्मा आला. तेव्हा उलगडा झाला. साधं डीएफटी गॅप मुळातच कमी दाखवतं, आणि स्पिन-ऑर्बिट सोडलं की तो फुगतो. शिशात या दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली होती!

मग हायब्रिड फंक्शनल घेतलं, म्हणजे डीएफटीचाच जास्त अचूक पण खूप महाग प्रकार. ४८ अणूंचा टेट्रॅगोनल सेल (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा तुकडा), त्यात स्पिन-ऑर्बिट. संगणकाला दिलेला जॉब दोन दिवस क्यूमध्ये पडून राहिला, सुरू झाला आणि वेळेची मर्यादा संपल्यावर अर्ध्यात मारला गेला. तीनदा असंच झालं. आमच्यासारख्या छोट्या विभागाला ही चैन परवडणारी नाही.

शेवटी मॅडमनी डीएफटी-१/२ पद्धत सुचवली; ती २००८ मध्ये मांडली गेली. आयोडिनच्या ५पी ऑर्बिटलमधून अर्धा इलेक्ट्रॉन काढून मिळणारी दुरुस्ती त्याच्या पोटेन्शियलमध्ये (इलेक्ट्रॉनला जाणवणाऱ्या ओढीत) घालायची आणि ती ठरावीक त्रिज्येपलीकडे छाटायची. ही त्रिज्या मनाने ठरवायची नसते. ती थोडी थोडी वाढवत गॅप बघायचा आणि जिथे गॅप सर्वांत मोठा येईल, तीच धरायची. मी वहीत हाताने आलेख काढला. ठिपके चढत गेले, टेकडीसारखे वळले आणि उतरले. त्या माथ्यावरची त्रिज्या घेऊन स्पिन-ऑर्बिटसकट गणित लावलं. गॅप पुन्हा १.६ च्या जवळ आला, तोही साध्या डीएफटीच्याच खर्चात. कथिलाचं उत्तरही या वेळी प्रयोगाच्या जवळ गेलं. मला सगळ्यात जास्त भरवसा वाटला तो त्यामुळेच.

माझ्या प्रबंधातल्या तक्त्यात आता एक जादा रकाना आहे: स्पिन-ऑर्बिट. पहिल्या आठवड्यातलं १.६ मी काढून टाकलेलं नाही. त्याच्यापुढे 'नाही' लिहिलं आहे, आणि खालच्याच ओळीत ०.६ पुढे 'हो'.