एकबेटी यादी : रासोच्या चंडोलाने घातलेला घोळ

जगात फक्त एकाच बेटावर सापडणाऱ्या पक्ष्यांची मी यादी करतोय. मागच्या वेळी मी ऐटीत लिहिलं होतं, आता फक्त नकाशा रंगवायचा राहिलाय. कसलं काय! अटलांटिकमधल्या केप व्हर्दे बेटांपाशी आलो आणि रासो चंडोलाने अख्खं शीट अडवून धरलं.

रासो म्हणजे जेमतेम 7 चौ. किमीचं रखरखीत बेट. हा चंडोल जगात फक्त तिथेच, त्यामुळे यादीतली सगळ्यात निर्धास्त नोंद. पण 2018 मध्ये काही पक्षी जवळच्या सांता लुझियावर नेऊन सोडले. मग हा आता एकबेटी धरायचा की नाही?

‘माणसाने नेलं ते मोजायचं नाही’ असा नियम लावून पाहिला. पण सांता लुझियावर याच चंडोलाची जुनी हाडं मिळालेली आहेत. म्हणजे तो तिथला जुना रहिवासीच! सेशेल्सच्या वटवट्याची गोष्ट त्याच्या पुढची. 1960च्या दशकात तीसहून कमी पक्षी, तेही फक्त कझिन बेटावर. 1988 मध्ये त्यातले काही आरिडवर नेले आणि आज तो पाच बेटांवर आहे. संवर्धनवाले जितके यशस्वी, तितकी आपली यादी रोड. त्याबद्दल तक्रार कोण करेल, पण सूत्र तुटतं त्याचं काय?

म्हणून एका रकान्याचे दोन केले : ‘मूळ बेटं’ आणि ‘आजची बेटं’. (न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटाचा रेन हा चिमुकला पक्षी नामशेष, तेव्हा दुसऱ्यात शून्य. आणि त्याची हाडं न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवरही सापडल्याने पहिल्यातही तो एकबेटी ठरत नाही.) हे लिहिताना सुचतंय, सरळ सालवार नोंदच का ठेवू नये? नकाशा रंगवणं रद्द. आता कालरेषा.

अंदमानातल्या नारकोंडमचा धनेश मात्र गुणी. 7 चौ. किमीसुद्धा नसलेलं बेट, दोन्ही रकान्यांत 1. नराचं डोकं-मान तांबूस, मादी काळी, शेपटी दोघांची पांढरी. ही ओळ भरताना फारच बरं वाटलं. कॅनरी बेटांवरच्या निळ्या चॅफिंच या छोट्या पक्ष्यानेही खूश केलं. एक जात होती तोवर दोन बेटांमुळे बाद. स्प्लिट झाल्यावर, म्हणजे एका जातीच्या दोन केल्यावर, तेनेरिफेचा एक, ग्रान कनारियाचा एक, दोन्ही आत! जाती वेगळ्या करायच्या की एकत्र धरायच्या, या स्प्लिट-लम्पच्या वादात मी आता डोळे मिटून ॲव्हीलिस्ट ही जगभरच्या पक्ष्यांची यादी पाळतो. तीन-तीन याद्या जुळवत बसण्यात हौस कमी, डोकेदुखी जास्त.

आता कॅलिफोर्नियाजवळच्या सांता क्रूझ बेटाचा स्क्रब जे, कावळ्याच्या कुळातला पक्षी. मुख्य भूमीचा किनारा 30 किमीच्या आसपास, पंख धडधाकट, तरी हा समुद्र ओलांडत नाही. निवांत ‘1’ लिहायला गेलो, तर शेजारच्या सांता रोझावरही त्याचं हाड मिळालेलं. मग 2 लिहिलं. पण हिमयुगात समुद्राची पातळी खाली असताना ही दोन्ही मिळून एकच बेट होतं! सध्या तो सेल पिवळा करून ठेवलाय. समुद्राच्या खोलीचे नकाशे उतरवून घेतोय. कालरेषा पक्ष्यांआधी बेटांचीच करावी लागणार.