तीनशे पंधराचा जमाखर्च

शनिवार, २२ जून २०२४

बंदूक आज घरी आली. सोळा मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि पाठोपाठ परवानाधारकांनी शस्त्रं जमा करावीत असा हुकूम निघाला, तेव्हापासून ती पोलीस ठाण्याच्या मालखान्यात होती. आमच्या ग्वाल्हेरचं मतदान सात मेला उरकलं, निकाल चार जूनला लागला. मी तेरा तारखेला गेलो, तर मालखान्याची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. अठराला गेलो, तर पावतीवरचा नंबर रजिस्टरात सापडेना. आज तिसरी खेप. मागच्या ऑक्टोबर-डिसेंबरात विधानसभेपायी हेच सगळं एकदा होऊन गेलं होतं. म्हणजे आठ महिन्यांतले पाच महिने बंदूक सरकारकडे आणि काळजी माझ्याकडे.

आणली तेव्हा दस्त्यावर खळ लावून कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, पट्टा गायब, त्याच्या जागी सुतळी. बोल्ट उघडायला गेलो तर कुरकुरला. ठाण्यातला पोरगेलासा शिपाई बघत उभा होता. म्हणाला, "अंकल, इससे कभी कुछ मारा?"

मी म्हटलं, "मच्छर भी नहीं."

तो हसला. त्याला वाटलं मी विनय करतोय.

ऑटोत मांडीवर आडवी धरून बसलो. महाराज बाड्याच्या गर्दीत ऑटो अडकली तेव्हा शेजारच्या स्कूटरवाल्यानं आदरानं जागा दिली. या चंबळच्या पट्ट्यात बंदुकीची इज्जत माणसापेक्षा जास्त. पंचावन्न वर्षांचा, चष्मा लावलेला, हातात भाजीची पिशवी असलेला माणूस एरवी कोणाच्या खिजगणतीत नसतो.

घरात शिरल्या शिरल्या बायको म्हणाली, "आली का सवत? आणि कुकरची शिट्टी?"

शिट्टी दौलतगंजातून आणायची होती. राहिली.

रविवार, २३ जून

सकाळपासून साफसफाई. पाऊस अजून धड लागला नाही, पण हवेत दमटपणा आहे आणि लोखंडाला तेवढा पुरतो.

ही तीनशे पंधरा बोअरची विलायती स्पोर्टिंग रायफल. जे नेहमी विचारतात त्यांच्यासाठी (विचारणारे पुष्कळ, ऐकून घेणारे कमी) एकदा लिहून ठेवतो. इंग्रजांना धास्ती होती की फौजेचं तीनशे तीनचं काडतूस रयतेच्या हाती लागेल. म्हणून शिकारीच्या बंदुकीला फौजेत न चालणारं काडतूस द्यायचं ठरलं आणि ऑस्ट्रियाच्या सैन्याचं १८९० च्या आसपासचं, आठ मिलिमीटरचं काडतूस इथे तीनशे पंधरा या नावानं रुजलं. बोल्ट ली-एन्फिल्डच्या धाटणीचा, पुढे ढकलताना घोडा चढणारा. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ सोळा ग्रॅम. जड आणि आळशी. दोनशे यार्डांपलीकडे तिचं पोट इतकं सुटतं की नेम जनावरावर न धरता त्याच्या डोक्यावरच्या फांदीवर धरावा लागतो. हे सगळं चांगल्या नळीच्या बाबतीत.

आता या काडतुसाची आणखी एक कीर्ती आहे. इथल्या पेपरात रोज कुठे ना कुठे बातमी असते, "३१५ बोर का कट्टा बरामद". गावठी कट्टे याच काडतुसावर बेतलेले असतात. त्यामुळे कोणी विचारलं आणि मी "तीन सौ पंद्रह" म्हटलं की समोरचा आधी माझ्या तोंडाकडे बघतो. बाबांच्या वेळी ही शिकाऱ्याची बंदूक होती.

नळीतून पांढरं फडकं काढलं, ते विटकरी होऊन बाहेर आलं. दुसरं, तिसरं, सातवंही तसंच. उजेडाकडे धरून पाहिलं. गोळीला गिरकी देणारे आतले आटे आहेत म्हणायला आहेत. मधला भाग नाचणीच्या भाकरीसारखा, सगळीकडे बारीक खड्डे. ही ठाण्याची करणी नाही, हे मला प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. ठाण्यानं वरून गंज चढवला, आतलं काम फार जुनं आहे.

बाबा गेल्यावर परवाना माझ्या नावावर करताना एका म्हाताऱ्या कारागिराला ती दाखवली होती. त्यानं काय केलं, तर काडतूस घेऊन गोळीचं टोक नळीच्या तोंडात घातलं. चांगल्या नळीत गोळी थोडी आत जाऊन अडते. आमची थेट काडतुसाच्या गळ्यापर्यंत आत गेली, बुडकुलीत चमचा जावा तशी. "रॉड सामने से डालते रहे होंगे," तो म्हणाला. खरं होतं. बोल्ट काढून मागून साफ करायची सोय असताना बाबा तीस वर्षं दर दसऱ्याला तोंडाकडून लोखंडी सळई घालत. शस्त्रपूजेच्या आदल्या रात्रीचा तो खर्र-खर्र आवाज मला अजून आठवतो. आम्ही मुलं भक्तिभावानं बघत बसायचो. बंदूक घासली जात होती ती अशी.

आणि आतले खड्डे? जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी बार पेटवणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं मीठ नळीत राहतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि रात्रीत लोखंड खायला लागतं. तेल लावून ते जात नाही, उकळतं पाणीच ओतावं लागतं. ज्याला हे माहीत नव्हतं किंवा ज्याला कंटाळा होता, त्याची नळी दोन पावसाळ्यांत गेली. कारागीर म्हणाला, हे खड्डे दादाजींच्याही आधीचे वाटतात. कोणाकडून घेतली? मी सांगितलं, १९४९ साली विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून, साडेतीनशे रुपयांना.

तो म्हणाला, "बेची नहीं, टिका दी थी साहब ने."

हे वाक्य मी घरात कोणाला सांगितलं नाही. पुण्याच्या काकांना तर मुळीच नाही. "घराण्याची निशाणी आहे, जाऊ देऊ नकोस," हा त्यांचाच आग्रह. ते कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतात. नूतनीकरणाचे अर्ज, नव्या नियमांनुसार मिळालेला तो ओळख क्रमांक, निवडणुकीच्या खेपा, पडताळणीला आलेल्या माणसाचा चहा, यातलं काही त्यांच्या मजल्यापर्यंत चढत नाही. २०१९ पासून परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला, तेव्हा मी एकट्यानं पेढे खाल्ले.

बरं, चालवायची म्हटली तरी कुठे? शिकार १९७२ च्या कायद्यानं संपली, तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आजोबा ज्या शिवपुरीच्या जंगलाच्या गोष्टी सांगत, तिथे आता माधव राष्ट्रीय उद्यान आहे आणि मागच्या वर्षी मार्चमध्ये त्यात वाघ पुन्हा आणून सोडले. लग्नात हवेत बार काढणं हा आता दोन वर्षं कैदेपर्यंतचा गुन्हा आहे, तरी दर मोसमात कोणीतरी येतं, "भैया, बरात के लिए, सिर्फ फोटो को." मी नाही म्हणतो आणि वर्षभर त्यांच्या घरी माझ्याबद्दल काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. मुलीच्या क्लबातली दहा मीटरची एअर रायफल पाहिली. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि पंधरा वर्षांच्या मुली त्यावर शिसाचा दाणा बसवतात. आमची विलायती निशाणी घराच्या भिंतीला लागेल, घर मोठं असेल तर.

विकायला काढावी, तर तीनशे पंधरा घेणाऱ्याला नवी हवी असते. नळी बदलावी, तर तो बंदुकीच्या किमतीपेक्षा मोठा खर्च आणि वर परवानगीचा खेळ. मोडीत द्यावी, तर काका.

दुपारी आत्याला फोन केला, कारण कपाटात तेलाची बाटली शोधताना आजोबांची ती लांबट वही पुन्हा हाती लागली. आजोबा दरबारच्या हिशेब खात्यात होते. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं, खातं बदललं, पण आजोबांची सवय बदलली नाही. ते धोब्याच्या कपड्यांपासून सगळ्याचा जमाखर्च ठेवत, आणि तोही मोडीत. आत्याला त्यांनी लहानपणी मोडी शिकवली होती, हिशेब लिहून घ्यायला. आज ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मी पानांचे फोटो पाठवले आणि ती फोनवर वाचत गेली.

वही बंदुकीची निघाली. १९५१ ते १९६७. डाव्या बाजूला खर्च, म्हणजे उडवलेली काडतुसं. उजव्या बाजूला जमा.

"मोहन्याजवळ. खर्च तीन. जमा नाही. वारा."

"घाटीगाव. खर्च दोन. जमा नाही. हात थरथरला."

"नरवर रस्ता. खर्च चार. जमा एक रानडुक्कर." आत्या थांबली. म्हणाली, "हे आठवतं मला. वास येत होता स्वयंपाकघरात."

पुढे: "खर्च एक. जमा गवळ्याची म्हैस. भरपाई रुपये दीडशे." हे घरात कोणाच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं. आत्यानंही नाही. आम्ही दोघं फोनवर बराच वेळ हसलो.

एकूण बेरीज मीच केली. सोळा वर्षांत एकशे चौदा काडतुसं. जमेला एक डुक्कर, एक चितळ, एक सांबर (शेरा: "जखमी, हाती आले नाही", तरी जमेत धरलंय, हिशेबनिसाला शोभत नाही हे) आणि ती म्हैस. बैठकीत वाघाशेजारी उभं राहून काढलेला जो फोटो आहे, त्या महिन्याच्या पानावर खर्च शून्य आहे. ते मचाणावर होते, बार दुसऱ्या कोणाचा तरी. म्हणजे आजोबा खोटं बोलत नव्हते, आम्हीच कधी नीट विचारलं नाही.

पण मला थांबवलं ते १९५३ च्या एका नोंदीनं. "परसातल्या चिंचेला फळी बांधून नेम तपासला. खर्च सहा. पन्नास पावलांवरून फळीवर दोन लागले. भोके बदामाच्या आकाराची, लांबट. कारण कळले नाही. हात स्थिर करण्याचा सराव करणे."

लांबट भोकं. आटे गेलेल्या नळीतून गोळीला धड गिरकी बसत नाही, ती हवेत गडगडते आणि फळीत टोकानं शिरण्याऐवजी आडवी शिरते. कारागिरानं मला हेच चित्र काढून दाखवलं होतं. फळी त्यांना स्पष्ट सांगत होती. आणि त्यांनी वहीत लिहिलं, हाताचा सराव करणे. पुढची चौदा वर्षं उजव्या बाजूला तेच: वारा, हात, घाई केली, श्वास धरला नाही, उजेड कमी. एकदाही "बंदूक" असं लिहिलेलं नाही. हिशेबात एक पैसा चुकला तर रात्र जागवणारा माणूस, पण साहेबाकडून घेतलेल्या विलायती मालावर शंका घ्यायचं त्यांच्या मनात आलं नाही. मला त्या साहेबाचा राग आला, आजच्या दुपारी, पंच्याहत्तर वर्षांनी. आणि थोडा आजोबांचाही.

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, मग अण्णा रोज पहाटे हातात पाण्यानं भरलेला तांब्या धरून अंगणात उभे राहायचे, ते यासाठी होय. आम्हाला वाटायचं सूर्याला अर्घ्य."

गुरुवार, २७ जून

रविवारी उकळतं पाणी ओतून, वाळवून, तेलाचं बोट फिरवून ठेवली होती. आज फडकं घातलं, पुन्हा विटकरी. त्या खड्ड्यांत काय आणि किती दडून बसलंय कोण जाणे. उन्हात ठेवावी तर ऊन नाही, आणि शेजारचे गच्चीवरून बघतात.

काकांचा फोन आला होता. बंदूक सुखरूप घरी आली का विचारत होते. "आली" म्हटलं. वहीबद्दल सांगावं असं वाटलं, पण त्यांनी लगेच त्या वाघाची गोष्ट काढली, मग राहू दिलं. त्यांच्या गोष्टीत आता दोन वाघ झालेत.

आजोबांच्या वहीत शेवटची दहा-बारा पानं कोरी आहेत. तेल एकशे ऐंशी, तारेचा ब्रश साठ, ऑटो तीन खेपांचे दोनशे चाळीस. मोडी येत नाही, देवनागरीत लिहिलं.

तेवढ्यात लाइट गेली. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, ती सळई ठेवा आता. कुकर चार दिवस कपबशी उपडी घालून लावतेय मी."

दुकान नऊपर्यंत उघडं असतं. निघालो.