साहेबांनी ऐकलं

शाल आणि नारळ पारावर येईपर्यंत माझी चूक माझ्या लक्षातच आली नव्हती.

डिसेंबर २०२४. राळेगाव तालुक्यातलं एक गाव, मारुतीचा पार, सतरंजीवर पुढे बाया, मागे गडी माणसं, सगळी मिळून पन्नासेक. आणि प्लास्टिकच्या खुर्चीत इंग्लंडहून आलेले पाहुणे, आमच्या गटाचा सेंद्रिय कापूस घेणाऱ्यांचे प्रतिनिधी. मी शेतकऱ्यांच्या कंपनीत क्षेत्र समन्वयक आहे. म्हणजे गट बांधायचे, शेताच्या डायऱ्या भरून घ्यायच्या, ऑडिटच्या वेळी कागद पुढे करायचे. दुभाष्याचं काम माझ्या नेमणुकीच्या पत्रात कुठेही नाही. पण बीएला माझा इंग्रजी वाङ्मय विषय होता हे ऑफिसात एकदा कळलं, आणि तेव्हापासून बाहेरचा पाहुणा आला की गाडीतली मागची सीट माझी.

सकाळ बरी गेली होती. वावरात उतरल्याबरोबर पाहुणे म्हणाले, "आय हिअर इट्स बीन अ डिफिकल्ट इयर." आता, हिअर म्हणजे ऐकू येणे, हे पाचवीपासून पाठ. पण तिथे त्या क्षणी ऐकू येत होती ती फक्त धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बोरीतली पाखरं. कधीतरी, कुणाकडून तरी कळलेली गोष्ट इंग्रज माणूस 'आय हिअर' लावून वर्तमानकाळात सांगतो. आपल्याकडे त्यासाठी वाक्याला एक छोटीशी शेपूट पुरते. मी म्हटलं, "यंदाचं वर्ष कठीण गेलं म्हणे."

"म्हने कायचं?" काकाजी उसळले. "गेलंच न!"

काकाजी आमच्या गटातले सगळ्यात जुने. सत्तरी ओलांडलेली, डोक्याला दुपट्टा, बोलणं तुटक. पन्नास वर्षं झाली कापूस लावून, असं त्यांनी सांगितलं तेव्हा पाहुण्यांच्या तोंडून निघालं, "यू डोन्ट से!" शब्दाला शब्द लावला असता तर 'तुम्ही म्हणत नाही' असलं काहीतरी झालं असतं आणि भांडण लागलं असतं. मी "काय सांगता!" म्हटलं. काकाजी खूश.

मग पाहुण्यांनी झाडावरची दोन बोंडं तोडली. एक चांगलं, एक गुलाबी बोंडअळीचं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. अळी लहान असताना आत शिरते आणि तिचं छिद्र बुजून जातं. "हाउ कॅन यू टेल?" पाहुण्यांनी विचारलं. टेल म्हणजे सांगणे, पण इथे ओळखणे. काकाजींनी ऑगस्ट-सप्टेंबरातली डोमकळी, म्हणजे अळी लागून न उमलता मिटून राहिलेलं फूल, कशी दिसते ते हाताच्या बोटांची कळी करून दाखवलं, आणि मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्याकडे बोट केलं. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग पडले की समजायचं, निंबोळी अर्काची वेळ आली. मला तेव्हा आमच्या सरांचा एक तास आठवला. टेल या शब्दाचा जुना अर्थ मोजणे. म्हणून बँकेत पैसे मोजून देणारा तो टेलर. काकाजी पतंग मोजून सांगत होते, म्हणजे शब्दाच्या दोन्ही अर्थांनी टेल करत होते. पण हे मी तिथे कुणाला सांगणार? दोन्हीकडच्यांना कंटाळा आला असता.

जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी आहे, असं सांगितल्यावर ते "साउंड्स गुड" म्हणाले. वांग्याच्या भाजीचा कसला आलाय आवाज. "चालते म्हणतात," मी पुढे सरकवलं.

जेवणाआधी जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, गेलो. गाडीतल्या कापसात ओलावा मोजायचं यंत्र खुपसलं होतं. पाहुणे वाकून म्हणाले, "व्हॉट डझ इट से?" मी विचारलं, "मॉइश्चर किती निघालं?" नऊ निघालं होतं, म्हणजे चांगलंच. सरकारी खरेदीतसुद्धा आठ ते बारा टक्के चालतं. त्या दिवसात माझ्या ध्यानात आलं की इंग्रजीत वस्तू फार बोलतात. यंत्र म्हणतं, पाटी म्हणते, घड्याळ म्हणतं. आपल्याकडे पाटीवर लिहिलेलं असतं, आणि घड्याळात वाजतात. तसे आपणही वस्तूंना बोलतं करतो, पण बहुतेक विचारपूस करताना. काय म्हणतो यंदा कापूस, काय म्हणते तब्येत. उत्तर मात्र कापूस देत नाही, कापूसवाला देतो.

जिनच्या आत रुई उडत होती आणि यंत्रांच्या आवाजात माझा मलाच आवाज येत नव्हता. मी ओरडून सरकी कुठून पडते ते सांगू लागले. पाहुण्यांनी हातानेच मला थांबवलं आणि आवाज न काढता, ओठ मोठे मोठे हलवून काहीतरी विचारलं. आश्चर्य म्हणजे मला ते समजलं. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं की त्यांची आजी लँकेशायरच्या कापडगिरणीत मागावर होती. शेकडो मागांच्या खडखडाटात तिथल्या बाया ओठ वाचूनच एकमेकींशी बोलायच्या, त्याला त्यांच्याकडे 'मी-मॉइंग' म्हणत. म्हातारपणी आजीला कमी ऐकू यायचं, पण खोलीच्या त्या टोकाचं बोलणं ती इकडून 'बघायची'. मीही मग आमच्याकडचं सांगितलं. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' नावाने विकला जायचा, आणि ते ऊमरा म्हणजे आमची अमरावती. ते थोडा वेळ हातातल्या रुईकडे पाहत राहिले. मला माणूस आवडला. पुढचं समजायला हे सांगणं भाग आहे. माणूस लबाड नव्हता.

सभा दुपारी तीनला भरली. मागण्या दोनच. एक, सेंद्रियचा जादा भाव दिवाळीनंतर हातात पडतो, तो पेरणीच्या आधी पडावा, कारण पैसा लागतो तो मृगाला. दुसरी, वजनात होणारी कटती बंद करावी. आधी काकाजी बोलले. मग पुढच्या रांगेतली एक वहिनी उठली. बोटांना बोंडाच्या काट्यांनी पडलेल्या चिरा, त्यात हळद भरलेली. तिने हात पाहुण्यांच्या समोर धरले आणि म्हणाली, "वेचतो आमी, अन् काट्यावर गेल्यावर आमाले कोनी इचारत नाई. दोन किलो कमी झालं का म्हन्ते, ओलं व्हतं. आमच्या हातानं वेचलं, आमाले नाई का मालूम ओलं का कोरडं?"

मी जमेल तसं इंग्रजीत सांगत गेले. पाहुणे पुढे झुकून बसले होते. पेन वहीत मिटून ठेवलं होतं. तिचं झाल्यावर त्यांनी हात छातीवर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "आय हिअर यू. आय रिअली डू."

मी म्हटलं, "साहेब म्हणतात, तुमचं ऐकलं."

क्षणभर कुणीच बोललं नाही. मग मागून एकाने टाळी वाजवली आणि सगळा पार वाजायला लागला. "साहेबानं आयकलं आपलं!" काकाजी उठून उभे राहिले. कुणीतरी घराकडे पळालं. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, छान बोलले साहेब, लोकांना आवडलं. इतकी मी मूर्ख.

आपल्याकडे 'ऐकणं' कानापाशी थांबत नाही ना. 'पोरगं ऐकत नाही' म्हणणारी आई पोराला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. 'शेवटी भावानं माझं ऐकलं' म्हणजे त्याने मी म्हटलं तसं केलं. नुसता आवाज पोचायचा असेल तर आपण 'ऐकू आलं' म्हणतो. तिथे आपण काही करत नाही, आवाजच आपल्याकडे चालत येतो. इंग्रजीतला हिअर हा असा, येणारा. मान्य करण्याचा थोडा अंश तिकडे लिसनमध्ये आहे. 'ही वोन्ट लिसन' म्हणजे आपल्यासारखंच, ऐकत नाही. गंमत अशी की त्यांचा आज्ञा पाळण्याचा शब्द, ओबे, तोही मुळात लॅटिनमधल्या ऐकण्यावरूनच आलेला. आणि ज्या ऑडिटचे कागद मी वर्षभर सांभाळते तो शब्दही तिथलाच. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून ऐकवत, म्हणून ऑडिट. एवढं सगळं मला माहीत होतं. पण समोर माणूस छातीवर हात ठेवून बोलला तेव्हा जो शब्द जिभेवर आला तो मी बोलून टाकला. 'आय हिअर यू' म्हणजे तुमचा त्रास माझ्यापर्यंत पोचला, मला तो कळतो. त्याच्या मागे बहुतेक वेळा एक 'पण' उभा असतो. तो पाहुणे अजून बोलायचे होते.

शाल आली, नारळ आला, ताटात हळद-कुंकू आलं. पाहुणे माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "व्हॉट आर वी सेलिब्रेटिंग?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझ्यापेक्षा त्यांचीच कीव आली. भाव ठरवणं आणि पैसे कधी सोडायचे हे ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं. "आय हॅव नो से इन दॅट," ते म्हणाले. म्हणण्याचा अधिकारच नाही, म्हणजे आपल्या भाषेत, तिथे माझं कोणी ऐकत नाही. पुन्हा तेच क्रियापद. आता ते वापरायची माझी हिंमत नव्हती.

उभी राहिले खरी, पण तोंड उघडेना. 'साहेबांनी ऐकलं, पण ऐकलं नाही' असं सांगणार होते का मी? तेवढ्यात काकाजींवर नजर गेली आणि सुचलं. त्यांच्या धुऱ्याचा वाद तहसीलात किती वर्षं पडून आहे हे अख्ख्या गावाला माहीत.

"काकाजी, तुमच्या धुऱ्याची सुनावणी किती वेळा झाली?"

"सात," ते म्हणाले. कशाला विचारते, असा चेहरा.

"अन् निकाल?"

"कायचा निकाल!"

"साहेबांनी आज तुमची सुनावणी केली, काकाजी. मनापासून केली. निकाल देणारे दुसरे आहेत. मी ऐकलं म्हटलं ते चुकलं. माझं चुकलं, साहेबांचं नाही."

काकाजींनी ताट धरलेल्या पोराकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे, मग माझ्याकडे. "म्हंजे तारीख भेटली," ते म्हणाले. "असं सांगा न मंग!"

मागचे गडी हसले. हसण्यात कडूपणा होता, पण हसले. हळदीच्या बोटांची वहिनी हसली नाही. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "ताई, तुमीच तं म्हनलं न, ऐकलं म्हनून." एवढंच. पुढचं वाक्य तिने बोललंच नाही, आणि मला ते अजूनही आठवतं, न बोललेलं.

पाहुण्यांना शाल दिली. शाल पाहुण्याची, ती परत नेत नाहीत. नारळ मात्र काकाजींनी ताटातून उचलून स्वतःच्या काखेत घेतला. "निकाल लागला का फोडू," म्हणाले, आणि मारुतीच्या मागच्या कोनाड्यात ठेवून आले. पाहुण्यांनी विचारलं, ते काय म्हणाले. मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. त्या एका वाक्यात काही अडलं नाही.

परतीच्या वाटेवर कळंबपर्यंत कुणी बोललं नाही. गाडीतून उतरताना पाहुणे म्हणाले, "यू'ल हिअर फ्रॉम मी बाय मार्च." यातही हिअर होता, पण हा निराळाच, कानाशी काही संबंध नसलेला. कळवतो, एवढाच त्याचा अर्थ. कळवलंही त्यांनी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, मेल करून. मी तो तीनदा वाचला. प्रत्येक क्रियापदावर बोट ठेवून वाचला, शाळेतल्यासारखा. जादा भावाची अर्धी रक्कम मे महिन्यात सोडायचं ठरलं होतं. कटतीबद्दल लिहिलं होतं की मुद्दा नोंदवला आहे.

संध्याकाळी काकाजींना फोन लावला.

"काय म्हन्ते साहेब?"

"अर्धे पैसे पेरणीच्या आधी देणार आहेत. नक्की. कटतीचं लिहून घेतलं आहे, ठरलं काही नाही."

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मागून बैलाच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता.

"ऐकू येते का, काकाजी?"

"येते, येते," ते म्हणाले. "इचार करून राह्यलो. अर्ध्या निकालाले नारळ फोडा लागते का?"

मला सांगता आलं नाही.

"राहू द्या मंग," ते म्हणाले. "थ्या वहिनीले इचारतो."